उघड्या मोटारीची हिंवाळी बेगमी



आगोट जवळ आली, म्हणजे कोंकणांतला दर्यावर्दी आपली होडी वाळूवर ओढून घेतो, तिच्यावर झावळ्यांचें छप्पर घालतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहत बसतो. होडी बंद ठेवावयाची, म्हणून ती कोणी तशीच टाकून जात नाहीं. आधीं ती धुतात, खरवडतात, तेल पाजतात आणि मगच तिला विश्रांति देतात. ज्या वस्तूकडून पुन्हां काम घ्यावयाचें आहे तिला विश्रांतीही नीट द्यावी लागते, हें आपल्या लोकांना नव्यानें सांगावयास नको. आज मी ज्या मोटारीविषयीं बोलणार आहें, तिची आगोट मात्र पावसाची नव्हे, थंडीची आहे. आणि ती येते इंग्लंडांत, ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस.

इंग्लंडांत उघड्या टपाच्या, दोन आसनांच्या, हलक्या आणि चपळ मोटारींची मोठी हौस आहे. ज्या देशांत ऊन पाहुण्यासारखें येतें आणि पाहुण्यासारखेंच जातें, त्या देशानें टप उघडून हिंडावयाच्या गाड्या इतक्या आवडीनें कां बनवाव्या, याचें प्रथम नवल वाटतें. ऊन दुर्मिळ, म्हणूनच त्याचा एकही तास वायां जाऊं नये असें तेथील लोकांना वाटत असावें. या गाड्यांपैकीं सर्वांच्या परिचयाची गाडी म्हणजे एम्. जी. बी. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती. बंद छपराच्या तिच्या भावंडासह अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. १९८० सालीं तो कारखाना बंद झाला. म्हणजे या कुळांतली सर्वांत धाकटी गाडीसुद्धां आज चाळिशी उलटून गेली आहे. तरीही या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात, आणि त्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्यांच्या मालकांनीं पाळलेल्या एका नेमाला आहे. तो नेम म्हणजे हिंवाळ्याची बेगमी.

प्रथम शत्रु कोण, तें ओळखूं. थंडी हा लोखंडाचा खरा शत्रु नव्हे. कोरड्या थंडींत लोखंड वर्षानुवर्षें टिकतें. खरा शत्रु आहे मीठ, आणि त्याला साह्य करणारा ओलावा. पाणी शून्य अंशाला गोठतें. पण त्यांत मीठ विरघळलें म्हणजे तें गोठण्यास अधिक थंडी लागते. म्हणून रस्त्यावर बर्फ धरूं नये यासाठीं तेथें रात्रीं मोठ्या गाड्यांतून खनिज मीठ पसरतात. चेशायर परगण्यांत विन्सफर्ड येथें १८४४ सालीं अशा मिठाचा थर हातीं लागला, आणि तेथल्या खाणींतून निघणारें तांबूस मीठ आजही रस्त्यांवर पडतें. उणे सात-आठ अंशांपर्यंत हा उपाय चांगला लागू पडतो. अपघात टळतात, माणसें वांचतात. तेव्हां मिठाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण तेंच मीठ चिखलाबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतें, हवेंतील ओल ओढून घेतें, आणि त्या खाऱ्या पाण्यांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहूं लागतो. गंज चढणें ही क्रिया अशा प्रवाहावरच चालते. म्हणून मिठाच्या सहवासांत ती झपाट्यानें होते.

एम्. जी. बी. ला हा धोका विशेष आहे. पूर्वींच्या मोटारींना खालीं जाड लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर गाडीची पेटी बसवलेली असे. या गाडीला तसा निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. त्यांतून वर छप्पर नसल्यामुळें गाडी मधोमध वांकूं न देण्याचें काम बव्हंशीं दारांखालच्या दोन लांब, पोकळ पेट्यांवर पडतें. त्यांना तिकडे ‘सिल’, म्हणजे उंबरठा, असेंच म्हणतात. हा उंबरठा कुजला, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, ती गाडी माणसें बसवण्यास योग्य राहत नाहीं. आणि तो कुजतो आंतून, पोकळींत सांचलेल्या ओल्या घाणीमुळें. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत मालकाला त्याची वार्ताही नसते.

हें ज्ञान मला पुस्तकांतून झालेलें नाहीं. मी तिकडे राहत असतांना अशी एक जुनी गाडी घेतली होती. २०१० सालचा डिसेंबर तेथें फार कडक गेला. शंभर वर्षांत तितका थंड डिसेंबर त्या देशानें पाहिला नव्हता. महिन्याच्या आरंभीं मीठ पसरलेल्या रस्त्यावरून मी गाडी घरीं आणली, तशीच छपराखालीं उभी केली आणि जाड प्लॅस्टिकचें कापड वरून घट्ट बांधून टाकलें. दर रविवारीं तें थोडें वर करून मी एंजिन पांच मिनिटें चालवीत असें, आणि आपण गाडीची केवढी काळजी घेतों, असें समाधान मानीत असें. मार्चमध्यें कापड काढलें, तेव्हां त्याच्या आंतल्या बाजूनें पाण्याचे थेंब ओघळत होते. टपावर बुरशीचे काळे डाग पडले होते. तेल ओतावयाच्या झांकणाखालीं दह्यासारखा पांढुरका साका धरला होता. डाव्या उंबरठ्याला स्क्रूड्रायव्हरचें टोंक लावलें, तों तें आरपार गेलें! गंज आधींचा होता, हें खरें. पण त्याला मीठ, पाणी आणि ऊब हीं तिन्ही मींच पुरवलीं होतीं. वार्षिक तपासणींत गाडी नापास झाली. दोन्ही बाजूंचे पत्रे कापून नवे जोडावे लागले, आणि त्याचा खर्च गाडीच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक झाला.

माझ्या शेजारीं एक वृद्ध, निवृत्त कारागीर राहत. ते गाडीखालून बाहेर आले आणि हात पुशीत मला म्हणाले, “तुम्ही ती झांकलीत, सांभाळली नाहींत.” झांकणें आणि सांभाळणें या दोहोंतला भेद मला त्या दिवशीं कळला. पुढच्या ऑक्टोबरांत त्यांनीं स्वतः जवळ उभें राहून माझ्याकडून जें करवून घेतलें, तेंच आतां क्रमानें सांगतों.

पहिलें काम धुण्याचें, आणि तेंही खालून. रस्त्यावर मीठ पडूं लागण्यापूर्वींच हें उरकावें. चाकांच्या वरच्या पोकळ्या, मडगार्डांच्या आंतल्या कडा, जेथें जेथें चिखल धरून राहतो ती प्रत्येक जागा गोड्या पाण्याच्या धारेनें स्वच्छ करावी. उंबरठ्यांच्या आणि दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक छिद्रें असतात. तीं मातीनें बुजलेलीं असल्यास तारेनें मोकळीं करावीं. धुतल्यावर गाडी लगेच आंत नेऊं नये. कोरडा दिवस पाहून वीस-पंचवीस मैल फिरवून आणावी, म्हणजे ब्रेक आणि पोकळ जागा सुकतात. मग रंगावर मेण चढवावें आणि उंबरठ्यांच्या पोकळींत पातळ मेणाची पिचकारी मारावी. हा क्रम मात्र उलटूं नये. ओल्या पोकळींत मेण मारणें म्हणजे पाणी आंत कोंडून त्यावर पहारा बसवणें होय.

दुसरें काम टपाचें. उघडी गाडी म्हणून पुष्कळ जण टप घडी करून ठेवतात. तें चुकीचें आहे. या गाडीचा टप बहुधा व्हिनाइलचा असतो आणि त्याची मागची खिडकी लवचिक, पारदर्शक प्लॅस्टिकची असते. थंडींत असलें प्लॅस्टिक ताठरतें, आणि चार-पांच महिने घडी पडून राहिली, तर घडीच्या रेषेवरच तें तडकतें. म्हणून टप सौम्य साबणाच्या पाण्यानें धुवावा, पूर्ण वाळवावा आणि वर ताणून लावूनच गाडी ठेवावी. आंतले गालिचे काढून घरांत न्यावे. त्यांखालच्या पत्र्यावर ओल आहे कीं काय, तेंही त्याच वेळीं पाहून घ्यावें.

तिसरें काम एंजिनाच्या तेलाचें. तेल वसंत ऋतूंत, गाडी बाहेर काढतांना बदलावें, असें सहज मनांत येतें. वास्तविक तें ठेवण्यापूर्वीं बदलावयाचें असतें. वापरलेल्या तेलांत ज्वलनापासून झालेलीं आम्लें आणि पाणी उतरलेलें असतें, आणि तें मिश्रण महिनोगणती धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागांवर बसून राहणें इष्ट नाहीं. एंजिन गरम असतांना जुनें तेल काढावें, गाळणी बदलावी, नवें तेल भरावें आणि तें सर्वत्र पोंचेल इतका वेळ एंजिन चालवावें.

पेट्रोलची गोष्ट अलीकडे थोडी बदलली आहे. २०२१ सालच्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्यें साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळलेला असतो. मद्यार्क हवेंतील पाणी ओढून घेतो, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना तो मानवत नाहीं. म्हणून ज्यांत मद्यार्काचें प्रमाण पांच टक्क्यांहून अधिक नसतें असें वरच्या प्रतीचें पेट्रोल अशा गाड्यांनीं घ्यावें, अशी तेथील सरकारचीच शिफारस आहे. टाकी लोखंडी पत्र्याची असते. ती अर्धी रिकामी ठेवली, तर रिकाम्या भागांतल्या हवेची ओल थंडींत भिंतींवर धरते. यासाठीं ती जवळजवळ भरून ठेवावी. पेट्रोल शिळें होऊं नये म्हणून बाजारांत औषध मिळतें; तें घालून गाडी थोडी चालवावी, म्हणजे कार्बुरेटरपर्यंत त्याचा अंश पोंचतो.

चौथें काम रेडिएटरांतल्या पाण्याचें. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें, आणि त्या फुगण्यापुढें ओतीव लोखंडाचें एंजिनसुद्धां भेगलतें. त्यावर उपाय म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. तें पाण्यांत निम्मेनिम्म मिसळलें, तर उणे पस्तीस अंशांपर्यंत भय नाहीं. तें गंजालाही आवर घालतें. पण हा गुण कांहीं वर्षांत संपतो, म्हणून तें वेळोवेळीं बदलावें लागतें. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हा द्रव चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. जमिनीवर सांडलेला थोडासा द्रव चाटून कुत्रीं-मांजरें प्राणास मुकतात. सांडलें, तर तत्क्षणीं पुसावें; आणि उरलेला डबा मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा.

आतां बॅटरी. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली, तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या स्थितींत तिच्या पट्ट्यांवर कठीण क्षार धरून ती कायमची निकामी होते. शिवाय पूर्ण भरलेल्या बॅटरीतलें आम्ल उणे पन्नास अंशांतही गोठत नाहीं. उलट, उतरलेल्या बॅटरीतलें उणे दहाच्या आसपासच गोठूं शकतें आणि बॅटरी फुटते. एम्. जी. बी. च्या आरंभींच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागें, झांकणाखालीं असतात. त्या नजरेआड असल्यामुळें मनाआडही होतात. त्या काढून कोरड्या जागीं ठेवाव्या आणि आपोआप थांबणाऱ्या, मंद प्रवाहाच्या चार्जरवर भरत्या ठेवाव्या. सोडतांना जें टोंक गाडीच्या अंगाला जोडलेलें असतें, तें आधीं सोडावें. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत तें धन टोंक असे, नंतरच्या गाड्यांत ऋण. तेव्हां खूण पाहूनच हात घालावा.

टायरांत नेहमींपेक्षां थोडी अधिक हवा भरावी. एकाच जागीं भार पडून टायर चपटे होण्याचें भय त्यामुळें कमी होतें. हातब्रेक मात्र ओढून ठेवूं नये. मागच्या चाकांचे ब्रेक ओल्या हवेंत आपल्या ढोलाला चिकटून बसतात आणि वसंतांत चाक फिरेनासें होतें. गाडी सपाट जागीं, गिअरमध्यें ठेवून चाकांना पुढून-मागून लांकडाच्या पाचरी लावाव्या. ब्रेकच्या नळ्यांतला द्रवही पाणी शोषून घेणारा असतो. दोन वर्षें झालीं असल्यास तोही बदलावा.

पुढचा शत्रु लहान, पण उद्योगी आहे. शेतें कापलीं जाऊन थंडी पडली कीं, उंदीर आसरा शोधूं लागतात, आणि मोटारीच्या आसनांतला काथ्या व तारांवरचें वेष्टन त्यांना घरबांधणीस फार पसंत पडतें. धूर निघण्याची नळी आणि हवा आंत घेण्याचें तोंड बारीक जाळीनें बंद करावें. गाडींत बिस्किटाचा कण राहूं देऊं नये. मात्र काय काय बंद केलें, काय सोडून ठेवलें, याची यादी कागदावर लिहून ती सुकाणूच्या चक्राला बांधावी. चार महिन्यांपूर्वींची आठवण कोणाचीच पक्की नसते, आणि नळीच्या तोंडांतला बोळा विसरून एंजिन चालू करणारे शहाणे कांहीं थोडे नाहींत.

एवढें झाल्यावर आच्छादन. तें सुती, हवा खेळूं देणारें असावें. प्लॅस्टिक पावसाला अडवतें, तसेंच आंतल्या वाफेलाही अडवतें, आणि मग गाडी आपल्याच दमानें भिजते. गाडीघर गरम असण्यापेक्षां कोरडें असणें महत्त्वाचें आहे. ऊब आणि ओल एकत्र आलीं कीं, गंजाला तें माहेरच! हवा खेळती ठेवावी. साधल्यास ओलावा शोषणारें विजेचें यंत्र लावावें.

तेथें कायद्याचीही एक पायरी आहे. १९९८ पासून गाडी रस्त्यावर आणावयाची नसेल, तर तसें सरकारी वाहन-कार्यालयास कळवावें लागतें. चाळीस वर्षांवरील गाड्यांना कर माफ आहे, तरी त्याही या नियमांतून सुटत नाहींत. कर शून्य असला तरी भरल्याची नोंद तरी हवी, नाहीं तर न वापरण्याची सूचना तरी हवी. ती दिल्यावर गाडी खासगी जागेंतच ठेवावी लागते आणि सक्तीच्या विम्यांतून ती सुटते. शहाणे मालक मात्र आग व चोरी यांपुरता विमा चालूच ठेवतात.

आतां माझ्या त्या रविवारच्या पांच मिनिटांविषयीं. एंजिन मधून मधून चालू करणें, ही सर्वांत लोकप्रिय काळजी आणि सर्वांत घातक. एक लिटर पेट्रोल जळालें म्हणजे जवळजवळ एक लिटरच पाणी तयार होतें, कारण पेट्रोलांतला हायड्रोजन हवेंतील ऑक्सिजनशीं संयोग पावतो. एंजिन पूर्ण तापलेलें असेल, तर तें पाणी वाफ होऊन बाहेर जातें. पांच मिनिटांत एंजिन तापत नाहीं. मग तें पाणी सायलेन्सरमध्यें सांचून त्याला आंतून खातें, आणि तेलांत उतरून तो दह्यासारखा साका धरतें. माझें प्रेमच त्या एंजिनाला पाणी पाजीत होतें! चालवावयाची, तर कोरड्या, मीठ नसलेल्या रस्त्यावर अर्धा तास चालवावी. नाहीं तर वसंतापर्यंत किल्लीला हात लावूं नये.

आणि यांत गाडीहून मोलाची गोष्ट गुंतलेली आहे. बंद गाडीघरांत एंजिन चालू केल्यास त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु साठत जातो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत ऑक्सिजनची जागा घेतो; माणसाला डोकें जड वाटतें, झोंप येते आणि उठून दार उघडण्याचें भान राहत नाहीं. जुन्या गाड्यांना धूर शुद्ध करणारें साधन बहुधा नसतेंच. म्हणून एंजिन चालवावयाचें, तें गाडी बाहेर ढकलून मोकळ्या हवेंत. दार किलकिलें ठेवलें आहे, हें कारण पुरेसें नाहीं.

वसंत आला, म्हणजे चक्राला बांधलेली यादी उलट्या क्रमानें वाचावी. जाळ्या काढाव्या, टायरांची हवा पूर्ववत् करावी, ब्रेक दाबून पाहावा, नळ्यांतून गळती नाहीं ना तें पाहावें. मग स्पार्क प्लग काढून, ठिणगी न देतां, स्टार्टरनें एंजिन थोडें फिरवावें. तेलाच्या दाबाचा कांटा हालला, म्हणजे तेल वर पोंचलें असें समजावें आणि मगच प्लग बसवून एंजिन सुरू करावें. चार महिने कोरड्या राहिलेल्या धातूवर धातू घासणार नाहीं, एवढाच यांत हेतु आहे.

आपल्याकडे मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या पावसाळ्यांत ज्यांना जुनी मोटार कांहीं महिने उभी ठेवावी लागते, त्यांना गोठण्याचें भय नाहीं. पण खारी हवा, ओल, उंदीर आणि उतरणारी बॅटरी हे चौघे इकडेही तेच आहेत. त्यांनीं ग्लायकॉलचा परिच्छेद वगळून बाकीचें सर्व आपलेंच समजावें.

दुसऱ्या वर्षीं मार्चच्या अखेरीस मीं सुती आच्छादन काढलें, तेव्हां खालचा पत्रा कोरडा होता. माझे वृद्ध शेजारी कुंपणापलीकडे उभे होते. त्यांनीं स्तुति केली नाहीं. उंबरठ्यावर बोटाच्या पेरानें टक्‌टक् करून पाहिलें, आवाज खणखणीत आला, आणि ते नुसते मान हालवून दुसऱ्या आसनावर येऊन बसले. टप उघडून आम्ही दोघे त्या दिवशींच्या थोड्याशा उन्हांत फिरून आलों.

यंत्र चालवतांना त्याची काळजी घेणें कठीण नाहीं. तें स्वतःच आवाज करून आपलें दुःख सांगतें. उभें असलेलें यंत्र मुकें असतें. त्याच्या वतीनें आधींच विचार करणें, यालाच सांभाळणें म्हणतात.